काटेरी तारेपासून विगमोर हॉलपर्यंत : अमाडेउस क्वार्टेटच्या वाटेवर

रविवार, लंडन

विगमोर हॉलमध्ये रविवारी सकाळी साडेअकराला मैफल असते आणि ती संपली की त्याच तिकिटावर कॉफी किंवा शेरी मिळते. जुलैचा पहिला आठवडा होता, बाहेर चक्क ऊन पडलं होतं, तरी साडेपाचशे खुर्च्यांचा हा हॉल जवळजवळ भरलेला. व्यासपीठावर एक तरुण क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिनं, त्यांहून थोडा मोठा आणि खालच्या स्वरांचा व्हायोला आणि सर्वांत खालच्या स्वरांचा चेलो असा चौघांचा संच; त्यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात. त्यांनी मोझार्टचं डी मायनर क्वार्टेट, त्याच्या रचनांच्या सूचीतलं के 421, वाजवायला घेतलं. पहिलं व्हायोलिन एका लांब स्वरावरून सप्तकभर खाली उतरतं, चेलो पायरी पायरीने खोल जातो, आणि मधे दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला एकेक स्वर न थकता घोळवत राहतात. वरच्या सुरावर लुब्ध होणं सोपं आहे. त्या दिवशी मात्र मी ठरवून मधल्या दोघांकडे कान लावला, कारण या साऱ्या प्रवासाचं कारणच पूर्वीच्या एका क्वार्टेटमधले असेच मधले दोघे होते.

अमाडेउस क्वार्टेटमध्ये नॉर्बर्ट ब्रायनिन पहिलं व्हायोलिन वाजवत, सिगमुंड निसेल दुसरं, पीटर शिडलोफ व्हायोला आणि मार्टिन लव्हेट चेलो. 1947 पासून 1987 पर्यंत, तब्बल चाळीस वर्षं, तेच चौघे. क्वार्टेटच्या दुनियेत माणसं बदलतात; कुणी निवृत्त होतं, कुणाचं पटत नाही, नवा येतो आणि नाव तेच चालू राहतं. इथे एकदाही कुणी बदललं नाही. या चौघांनी 10 जानेवारी 1948 रोजी ‘अमाडेउस’ या नावाने पहिली मैफल केली ती याच हॉलमध्ये, याच व्यासपीठावर.

हा हॉलही साधा नाही. बेखस्टाइन या जर्मन पियानो कंपनीने 1901 मध्ये तो आपल्या शोरूमला लागून बांधला. तेव्हा त्याचं नाव बेखस्टाइन हॉल. पहिलं महायुद्ध पेटलं आणि शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारने तो जप्त करून 1916 मध्ये लिलावात काढला. 1917 मध्ये तो विगमोर हॉल म्हणून पुन्हा उघडला. म्हणजे ज्या व्यासपीठावर या चौघांतल्या तिघांनी, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘शत्रू परकीय’ म्हणून छावण्यांत डांबलेल्या, ऑस्ट्रियातून आलेल्या मुलांनी नाव कमावलं, ते स्वतःच एकदा शत्रूचं ठरलेलं होतं. व्यासपीठावरच्या घुमटात संगीताचा आत्मा वर प्रकाशाकडे पाहतोय असं चित्र आहे. वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर ते 1901 पासून तसंच आहे.

मैफलीनंतर कॉफी घेताना भाची म्हणाली, "मावशी, लोक लंडनला येऊन राजवाडे बघतात. तू कैद्यांच्या छावण्या बघायला निघालीस!" पण सामान तिने माझ्याआधी बांधलं होतं.

सोमवार, लंडन

लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनबाहेर मुलांचा एक ब्राँझ पुतळा आहे. सुटकेसवर बसलेली मुलगी, टोपी घातलेला मुलगा, आणि एकाच्या पायाशी व्हायोलिनची पेटी. फ्रँक मायस्लर या शिल्पकाराचं हे काम 2006 चं. 1938-39 मध्ये नाझींच्या तावडीतून सुमारे दहा हजार मुलं, बहुतेक ज्यू, आईबापांशिवाय ब्रिटनमध्ये आणली गेली, त्यांच्या गाड्या या स्टेशनात येत. निसेल त्याच वाटेने आला. म्युनिकमध्ये जन्मलेला, नवव्या वर्षी व्हिएन्नाला गेलेला हा मुलगा. ब्रायनिन अस्सल व्हिएन्नाचा. कार्ल फ्लेश आणि माक्स रोस्टाल या व्हायोलिनच्या गुरूंकडे शिकायला 1938 मध्ये लंडनला आला. शिडलोफ व्हिएन्नाजवळच्या ग्योलर्सडोर्फ गावचा. मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळली नसती, तर हे तिघे आपापल्या घरीच वाढले असते.

पुतळ्यातल्या त्या व्हायोलिनच्या पेटीवर येणारे-जाणारे हात ठेवतात, त्यामुळे तिचा वरचा भाग उजळ पडलाय. मीही ठेवला.

दुपारी फिंचली रोडवरून स्विस कॉटेजपर्यंत चालत गेलो. युद्धाच्या काळात या भागात इतके जर्मन आणि ऑस्ट्रियन निर्वासित राहत, की बसचे कंडक्टर या रस्त्याला ‘फिंचलीश्ट्रासे’ म्हणून हाका देत, असं सांगतात; ‘श्ट्रासे’ म्हणजे जर्मनमध्ये रस्ता. आज तिथे मोबाइलची दुकानं आणि सुपरमार्केट. पाहण्यासारखं फार काही उरलेलं नाही.

मंगळवार, लंडन ते डग्लस

युस्टनहून लँकेस्टर, तिथून हीशम बंदराची छोटी गाडी, आणि मग मॅन बेटावरच्या डग्लसला जाणारी बोट. आयरिश समुद्रात पावणेचार तास. लाटा बऱ्यापैकी होत्या, भाची खिडकीशी डोळे मिटून बसली, मी डेकवर उभी राहिले.

1940 च्या उन्हाळ्यात हाच समुद्र ओलांडून हजारो माणसं बंदुकीच्या पहाऱ्यात आली. फ्रान्स पडलं, ब्रिटनमध्ये घबराट माजली, आणि चर्चिल सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांची सरसकट धरपकड सुरू केली. त्यांतले बहुसंख्य लोक हिटलरपासून जीव वाचवून आलेले होते. न्यायाधिकरणांनी आधीच चौकशी करून त्यांना ‘क’ वर्गात, म्हणजे धोका नसलेले, असं नोंदवलेलं होतं. तरीही सोळा वर्षांवरच्या मुलांनाही उचललं. सत्तावीस हजारांच्या आसपास माणसं आत गेली. त्यात सतरा वर्षांचा ब्रायनिन होता, अठराचा निसेल होता, आणि शिडलोफने अठरावं नुकतंच पुरं केलं असेल-नसेल.

आपल्याकडेही हेच घडलं होतं, हे आपण विसरून गेलो आहोत. युद्ध जाहीर होताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांना धरून अहमदनगरच्या छावणीत टाकलं, काहींना पुढे देवळालीला नेलं, कुटुंबांना पुरंदर किल्ल्यावर नजरकैदेत ठेवलं. त्यांतही ज्यू निर्वासित होते. पुरंदरावर मी अनेकदा गेले आहे. मुरारबाजीच्या पुतळ्यापुढे उभं राहताना इथे कधी व्हिएन्नाची कुटुंबं दिवस काढत होती, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी डग्लसची खाडी दिसली. चंद्रकोरीसारखा किनारा, त्यावर ओळीने उभी पांढरी बोर्डिंग हाउसं आणि समोर खडकावर एक छोटा किल्लेवजा बुरूज. वादळात सापडलेल्या खलाशांना आसरा मिळावा म्हणून सर विल्यम हिलरी यांनी तो 1832 मध्ये बांधवला.

बुधवार, डग्लस आणि ऑन्कन

आमच्या मुक्कामाच्या बाईंनी नाश्त्याला ओटची लापशी वाढली. मला हसूच आलं, कारण आम्ही निघालो होतो हचिन्सन स्क्वेअरला, आणि तिथल्या छावणीत कुर्ट श्विटर्स या चित्रकाराने लापशीचेच पुतळे केले होते. प्लास्टर मिळेना, मग उरलेली लापशी जमवून! पुतळ्यांना बुरशी आली आणि वास सुटला, पण तो थांबला नाही.

मॅन बेटावरच्या या छावण्या म्हणजे तुरुंग नव्हते. सरकारने समुद्रकिनाऱ्यावरची हॉटेलं आणि बोर्डिंग हाउसं ताब्यात घेतली, मालकांना सामान तिथेच ठेवून बाहेर पडायला सांगितलं आणि भोवती काटेरी तार ठोकली. हचिन्सन स्क्वेअर आजही तसाच आहे: मधे उतरती बाग, तिन्ही-चारी बाजूंनी उंच, अरुंद घरं. हवाई हल्ल्यांच्या भीतीने काळोख पाळण्यासाठी त्या घरांच्या काचांना निळा रंग फासलेला होता. आतल्या चित्रकारांनी ब्लेडने तो रंग खरवडून काचांवर चित्रं काढली. दिवस उजाडला की चित्रांतून ऊन आत येई. बागेच्या हिरवळीवर प्राध्यापक उभे राहून व्याख्यानं देत. रावित्झ आणि लांडाउअर ही पियानोची नामांकित जोडी इथेच बंदिवान होती.

डग्लसच्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या छावणीत हान्स गाल हे व्हिएन्नाचे संगीतकार होते. त्याआधी लिव्हरपूलजवळच्या हायटनच्या छावणीत असताना त्यांनी एक सूट, म्हणजे छोट्या रचनांची मालिका, लिहायला घेतला. हाताशी वाद्यं काय होती? एक बासरी आणि दोन व्हायोलिनं. चेलो नाही, व्हायोला नाही. मग त्यांनी तेवढ्यांसाठीच लिहिलं. ‘हायटन सूट’ आजही वाजवला जातो. खालचा स्वर धरायला कुणीच नसताना तीन उंच आवाज एकमेकांना कसे सावरून घेतात, ते मुद्दाम ऐकावं.

दुपारी खाडीच्या उत्तर टोकाची चढण चढून ऑन्कनला गेलो. डर्बी कॅसलपासून शंभराहून जास्त वर्षं जुनी विजेची ट्राम जाते, पण आम्ही पायीच गेलो. वर रस्त्यालगत समुद्राकडे तोंड केलेली घरं. साधी, दुमजली-तिमजली, दारात फुलझाडं. जून 1940 मध्ये अशीच साठेक घरं तारेच्या आत आली होती. इथेच निसेल आणि शिडलोफ यांची गाठ पडली. दोघेही व्हायोलिनवाले. आत लोकांनी स्वतःचं विद्यापीठ चालवलं होतं, ‘ऑन्कन पायनियर’ नावाचं वर्तमानपत्रही काढलं होतं. आणि फर्डिनांड राउटर हे ऑस्ट्रियन पियानोवादक बेटावरच बंदिवासात होते. पुढे सुटका झाल्यावर या दोन पोरांना माक्स रोस्टालकडे पोचवलं ते राउटर यांनी.

मी कुंपणाच्या भिंतीला टेकून बराच वेळ उभी होते. समोर सगळी खाडी, तो छोटा बुरूज, खाली बंदरात आमची बोट. इतका सुंदर देखावा आणि त्याच्या आड तार. आईवडिलांचं काय झालं याचा पत्ता नाही, सुटका कधी होईल माहीत नाही, आणि हातात व्हायोलिन. अठराव्या वर्षी.

पुढे ज्यांच्यामुळे ही मुलं बाहेर आली, त्यांचं नाव इथेच घ्यायला हवं. जुलै 1940 मध्ये बंदिवानांना कॅनडाला नेणारी ‘अरँडोरा स्टार’ ही बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. आठशेहून जास्त माणसं गेली. लोकमत फिरलं, सरकार सुटकेचे मार्ग शोधू लागलं. बंदिवान संगीतकारांना सोडण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते राल्फ व्हॉन विल्यम्स, त्या काळचे सर्वांत मानाचे इंग्लिश संगीतकार. वय सत्तरीच्या घरात. स्वतःचं लिहिणं बाजूला ठेवून ते या कागदपत्रांत बसले. त्यांचे जिवलग मित्र, संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट यांची मुलगी इमोजेन हीसुद्धा बंदिवान संगीतकारांना मदत करणाऱ्या निर्वासित समितीत राबत होती. तिचं नाव लक्षात ठेवा.

गुरुवार, डग्लस

दिवसभर पाऊस. मँक्स म्युझियममध्ये छावण्यांच्या वस्तू पाहिल्या, उरलेला वेळ खिडकीत.

शुक्रवार, प्रीस हीथ

परत बोट, मग रेल्वेने क्रू आणि तिथून व्हिटचर्च. तिथून टॅक्सीने श्रॉपशरमधलं प्रीस हीथ. टॅक्सीवाले काका विचारत होते, इथे काय बघणार? ट्रकवाल्यांचा एक थांबा, दोन महामार्गांचा संगम आणि मोकळं माळरान.

या माळावर 1940 मध्ये तंबूंची छावणी होती. घरं नाहीत, पलंग नाहीत. बेटावरची घरं इथल्या मानाने चैनीचीच म्हणायची. ब्रायनिन इथे होता आणि शिडलोफही बेटावर जाण्याआधी इथेच होता. दोघांची पहिली ओळख या तंबूंतली. ब्रायनिन लवकर सुटला आणि शिडलोफला मागे सोडून गेला. पण ही ओळख सुटली नाही.

आज इथे छावणीचं काहीच दिसत नाही. माळ फुलपाखरांसाठी राखलेला आहे. जांभळ्या फुलांच्या हीथर झुडपांमध्ये ‘सिल्व्हर स्टडेड ब्लू’ नावाची नखाएवढी निळी फुलपाखरं जमिनीलगत उडत होती. एक हीथरच्या काडीवर बसलं तेव्हा आम्ही वाकून पाहिलं: पंख मिटल्यावर खालची बाजू राखाडी, काळे ठिपके, कडेला नारिंगी पट्टा आणि त्या पट्ट्याबाहेर टिकलीएवढे चमकणारे निळे ठिपके. याच्या अळ्या काळ्या मुंग्यांच्या आधाराने वाढतात. मुंग्या त्यांची राखण करतात आणि अळीच्या अंगातून पाझरणारा गोड रस पितात. भाची फोटो काढत बसली, काढू दिले.

लंडनच्या गाडीत मी तिला पुढचं सांगितलं. ब्रायनिनने युद्धकाळात कारखान्यात यंत्रं जोडायचं काम केलं आणि 1946 मध्ये व्हायोलिनची कार्ल फ्लेश स्पर्धा जिंकली. माक्स रोस्टाल या तिघांनाही शिकवत, आणि फीचा एक पैसा घेत नसत. रोस्टाल स्वतः निर्वासित होते, आणि इंग्लंडमध्ये गुरुकुलाच्या पद्धतीने विद्या देणारा गुरू या पोरांना मिळाला, हे त्यांचं मोठं भाग्य. तीन व्हायोलिनं आणि क्वार्टेट करायचं म्हणजे एकाला वाद्य बदलणं भाग होतं. शिडलोफने व्हायोला हातात घेतला. व्हायोलिनचा एवढा तयार हात असलेला वादक मधल्या आवाजात जाऊन बसतो, हे सोपं नाही. चौथा लव्हेट, लंडनमध्येच जन्मलेला, रॉयल कॉलेजात शिकलेला. रोस्टालची शिष्या सुझान रोझा हिने त्याची या तिघांशी गाठ घालून दिली. पुढे तिचं आणि लव्हेटचं लग्न झालं.

"आणि पैसे?" भाचीने विचारलं. ती हिशेबाच्या नोकरीत आहे, तिचा प्रश्न रास्तच होता. पैसे इमोजेन होल्स्टने दिले. 1947 च्या उन्हाळ्यात डेव्हनमधल्या डार्टिंग्टनला, जिथे ती शिकवत होती, हे चौघे ‘ब्रायनिन क्वार्टेट’ म्हणून वाजवून गेले. तिने ऐकलं आणि विगमोर हॉलच्या मैफलीचा खर्च उचलला. नाव बदलून मोझार्टच्या नावातलं ‘अमाडेउस’ घ्यावं, हे निसेलला सुचलं. तिकिटं संपली, लोक दारातून परत गेले.

शनिवार आणि रविवार, ऑल्डबरा

लिव्हरपूल स्ट्रीटहून इप्सविच, तिथून सॅक्समंडम. पूर्व किनाऱ्यावरचं ऑल्डबरा हे इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचं गाव. गोटे-गोटे असलेला समुद्रकिनारा, कोळ्यांच्या बोटी वर ओढून ठेवलेल्या, तळलेल्या माशांच्या दुकानापुढे रांग.

अमाडेउसने हायडन, मोझार्ट, बीथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स यांच्यावर आयुष्य वाहिलं. नवं संगीत त्यांनी कमीच वाजवलं, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. मला ती टीका पटत नाही. एकच घराणं आयुष्यभर नेकीने गाणाऱ्या गवयाला आपण कुठे बोल लावतो? पण नव्या रचनांपैकी एक त्यांच्याकडे आली ती अशी, की तिच्यासाठीच मी इथवर आले. ब्रिटन यांचं तिसरं क्वार्टेट, 1975 मधलं, शेवटचा भाग व्हेनिसमध्ये लिहिलेला. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रिटन खचत चालले होते. अर्पणपत्रिका संगीत समीक्षक हान्स केलर यांना. केलरही व्हिएन्नाचे निर्वासित, तेही मॅन बेटावर बंदिवान होते! 1976 च्या सप्टेंबरात अमाडेउसचे चौघे ऑल्डबराला ब्रिटन यांच्या ‘रेड हाउस’मध्ये येऊन ते क्वार्टेट त्यांच्यापुढे वाजवून गेले. 4 डिसेंबरला ब्रिटन वारले. 19 डिसेंबरला स्नेप मॉल्टिंग्जमध्ये पहिला जाहीर प्रयोग झाला.

स्नेप ऑल्डबराहून पाचेक मैलांवर आहे. बार्ली भिजवून वाळवण्याच्या जुन्या कोठाराचा हा हॉल 1967 मध्ये उघडला, 1969 मध्ये ऑल्डबराच्या संगीत महोत्सवाच्या पहिल्याच रात्री जळाला, आणि पुढच्या महोत्सवापर्यंत पुन्हा उभा राहिला. आतल्या भिंती उघड्या विटांच्या, वर लाकडी छप्पर, मागे ऑल्ड नदीचं दलदलीचं पात्र आणि नजर पोचेल तिथवर बोरूचं रान. बाकावर बसून दोघींनी एकेक इअरफोन कानात घातला आणि अमाडेउसचंच रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या भागाचं नाव ‘ड्युएट्स’: चार वाद्यं दोन-दोनच्या जोड्यांत बोलत राहतात, कधी ही दोन, कधी ती दोन. शेवटच्या भागात एकच चाल खालून संथ चालत राहते, वर आठवणी येत-जात राहतात, आणि अखेर संगीत ‘सा’वर विसावत नाही. अधांतरी सोडतं. भाचीने विचारलं, "संपलं?" मी म्हटलं, "हो, एवढंच."

रविवारी सकाळी सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्चच्या आवारात गेलो. ब्रिटन आणि त्यांचे सहचर पीटर पिअर्स यांच्या समाध्या शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्या मागेच इमोजेन होल्स्ट. 1952 मध्ये ती ब्रिटन यांना मदत करायला इथे आली आणि 1984 मध्ये वारली तोवर इथलीच झाली. बहुतेक लोक पुढच्या दोन दगडांपाशी थांबून परत फिरतात. मी फुलं तिच्यापुढे ठेवली.

पुढची हकिगत थोडक्यात सांगते. चौघांना ब्रिटिश सरकारने ओ.बी.ई. हा किताब दिला, ज्या सरकारने तिघांना तारेआड टाकलं त्यानेच. जर्मनीत ते वारंवार वाजवायला गेले, डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीसाठीच बहुतेक रेकॉर्डिंग केलं आणि कोलोनच्या संगीत विद्यालयात शिकवलं. ज्यांची माणसं तिथे मारली गेली, त्यांनी तिथल्याच पोरांना शिकवावं, हे मला त्यांच्या सगळ्या वादनाहून थोर वाटतं. आउरिन क्वार्टेट त्यांचंच शिष्य. लंडनच्या रॉयल अकॅडमीतही त्यांचे उन्हाळी वर्ग चालत.

ऑगस्ट 1987 मध्ये शिडलोफ कंब्रियात सुट्टीवर असताना हृदयविकाराने गेले. उरलेल्या तिघांनी दुसरा व्हायोलावादक शोधला नाही. क्वार्टेट त्याच दिवशी संपलं. शिडलोफ वाजवत तो ‘मॅकडोनल्ड’ नावाचा 1719 चा स्ट्राडिव्हारी व्हायोला 2014 मध्ये साडेचार कोटी डॉलरच्या किमान बोलीला विक्रीस निघाला आणि विकला गेला नाही. ब्रायनिन 2005 मध्ये, निसेल 2008 मध्ये गेले. लव्हेट 2020 च्या एप्रिलमध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, कोविडने.

ऐकायला कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं, तर शूबर्टचं सी मेजर क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांची रचना, 1965 चं रेकॉर्डिंग, दुसऱ्या चेलोवर विल्यम प्लीथ. त्याचा संथ दुसरा भाग. तिथे पहिलं व्हायोलिन आणि दुसरा चेलो दोन टोकांना तुटक-तुटक बोलतात आणि मधले तिघे लांबलचक स्वर धरून बसतात. निसेल आणि शिडलोफ त्या मधल्या तिघांत आहेत. त्यानंतर ब्राम्सची दोन सेक्स्टेट, म्हणजे सहा वाद्यांच्या रचना, प्लीथ आणि व्हायोलावादक सेसिल अरोनोविट्झ यांच्यासह. ही सगळी रेकॉर्डिंग आज फोनवर सहज मिळतात. शक्य असेल तर मात्र चांगल्या स्पीकरवर ऐका, मधले आवाज फोनमध्ये हरवतात.